समुद्रावरचं सेमिस्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘सेमिस्टर ॲट सी’ या जहाजावरच्या अभ्याससफरीबद्दल मराठी मुलं आणि त्यांचे आईबाबा मला जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. अमेरिकेत पदवीला असताना मी या जहाजावर एक सेमिस्टर केलं. हॅम्बुर्गहून निघालो, आफ्रिकेला वळसा घातला आणि मॉरिशस, कोची, व्हिएतनाम, जपान करत सॅन दिएगोला उतरलो. मार्ग दर सफरीला बदलतो, त्यामुळे तुमची बंदरं वेगळी असतील. माझं एक ठाम मत मात्र सुरुवातीलाच सांगून टाकते. लोक बंदरांची यादी बघून या सफरीला जातात, पण तुम्हाला घडवतात ते दोन बंदरांच्या मधले पाण्यावरचे दिवस. पुढची बरीचशी उत्तरं याच मतातून आली आहेत.

हे नेमकं आहे काय?

एक अख्खं सेमिस्टर जहाजावर. साडेतीन महिन्यांच्या आसपासची सफर, दहाएक देश, पाच-सहाशे विद्यार्थी, सोबत प्राध्यापक आणि कर्मचारी, काहींची तर मुलंबाळंही. चालवणारी संस्था ना-नफा आहे आणि तिचं कार्यालय अमेरिकेत कोलोराडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्सला आहे. २०१६ पासून शैक्षणिक जबाबदारी कोलोराडो स्टेट युनिव्हर्सिटीकडे आहे. त्याआधी ती व्हर्जिनिया विद्यापीठाकडे आणि त्याही आधी पिट्सबर्ग विद्यापीठाकडे होती.

कल्पना जुनी आहे. १९६३ मध्ये ‘युनिव्हर्सिटी ऑफ द सेव्हन सीज’ या नावाने पहिली सफर निघाली. पुढे हाँगकाँगचे जहाजमालक सी. वाय. तुंग यांनी ‘क्वीन एलिझाबेथ’ हे प्रचंड प्रवासी जहाज विकत घेऊन त्याचं तरंगतं विद्यापीठ करायचं ठरवलं. काम चालू असतानाच जानेवारी १९७२ मध्ये हाँगकाँग बंदरात त्या जहाजाला आग लागली आणि ते तिथेच आडवं झालं. तुंग यांनी तरी हा नाद सोडला नाही, दुसऱ्या जहाजावर सफरी चालू राहिल्या. आम्ही पुस्तक उघडून डेकवर बसायचो, त्यामागे एका माणसाची एवढी चिकाटी होती हे मला फार मोलाचं वाटतं.

म्हणजे मर्चंट नेव्हीचं प्रशिक्षण का?

नाही. मुंबईत १९२७ पासून ‘डफरिन’, मग ‘राजेंद्र’ आणि आता नेरुळचं ‘चाणक्य’ ही परंपरा जहाजावरचे अधिकारी घडवण्याची आहे. इथे तुम्ही जहाज चालवायला शिकत नाही. अर्थशास्त्र, मानसशास्त्र, साहित्य, सागरी जीवशास्त्र, व्यवस्थापन असे नेहमीचेच विषय घेता. फक्त वर्ग डुलत असतो.

मग ही क्रूझच झाली ना?

जहाज क्रूझचं आहे, हे खरं. ‘वर्ल्ड ओडिसी’ हे १९९८ मध्ये जर्मनीतल्या कील इथे ‘डॉइचलँड’ या नावाने बांधलेलं, सुमारे १७५ मीटर लांबीचं प्रवासी जहाज. पितळी कठडे, झुंबरं, लाकडी डेक असा जुना थाट त्यावर अजून आहे. पण जिथे जर्मन आजी-आजोबा वाइन घेत बसायचे, तिथे आता व्हाइटबोर्ड लावून संख्याशास्त्राचा तास चालतो. कॅसिनो नाही. तास आहेत, हजेरी आहे, परीक्षा आहेत आणि नापासही होता येतं.

दिवस कसा जातो?

समुद्रावर असताना रोज वर्ग. शनिवार-रविवार ही भानगडच नाही. दिवसांना ‘ए डे’ आणि ‘बी डे’ म्हणतात, एका दिवशी अर्धे विषय, दुसऱ्या दिवशी उरलेले. आज मंगळवार आहे की शुक्रवार हे पहिल्या पंधरवड्यातच विसरायला होतं. मध्ये एखादा दिवस अभ्यासाला मोकळा मिळतो. बंदरात वर्ग नसतात.

‘ग्लोबल स्टडीज’ हा एक विषय सगळ्यांना सक्तीचा. तो मोठ्या सभागृहात होतो आणि ज्यांना जागा मिळत नाही ते जहाजभर लावलेल्या पडद्यांवर बघतात. येणाऱ्या बंदराचा इतिहास, राजकारण, पाणी, शेती, धर्म असं सगळं त्यात येतं. काही मुलं हा तास कंटाळवाणा समजून मागच्या रांगेत डुलक्या काढायची. माझा आग्रह आहे की हाच तास मन लावून करा. सगळ्या जहाजाने एकाच वेळी ऐकलेलं असतं, त्यामुळे रात्री जेवणाच्या टेबलावर त्याच विषयाचा वाद रंगतो, आणि समोर कधी कधी शिकवणारे प्राध्यापकच ताट घेऊन बसलेले असतात. जमिनीवरच्या कॉलेजात प्राध्यापक पाच वाजता घरी जातात. इथे जाणार कुठे?

घड्याळाचं एक सांगायला हवं. पूर्वेकडे जाताना दर काही दिवसांनी रात्री घड्याळ एक तास पुढे करावं लागतं, म्हणजे झोपेतला एक तास गेला. आफ्रिका ते जपान हे असंच चालतं. भारताजवळ येताना अर्ध्या तासाचा फरक पडतो, तेव्हा आपली प्रमाणवेळ अशी अर्ध्यावर का, याची उत्तरं मला टेबलाटेबलावर द्यावी लागली. मग जपानहून हवाईकडे जाताना आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडतो आणि एकच तारीख दोनदा येते. पश्चिमेकडे जाणाऱ्या सफरीत नेमकं उलटं होतं. तिथे पंचवीस तासांचे दिवस मिळतात.

बंदरात काय करायचं? तिथे अभ्यास नसतोच का?

प्रत्येक विषयाची एक ‘फील्ड क्लास’ असते. प्राध्यापक एखाद्या बंदरात पूर्ण दिवस बाहेर नेतात आणि त्या दिवसावर लिहिलेल्या टिपणाला गुण असतात. ती चुकवता येत नाही. बाकीचे दिवस तुमचे. संस्थेच्या सहली पैसे भरून घेता येतात, किंवा चौघं मिळून स्वतः फिरा.

बंदर यायच्या आधी संध्याकाळी सगळ्यांना एकत्र बसवून माहिती देतात: जहाज कुठल्या धक्क्याला लागणार, टॅक्सी कशी ठरवायची, काय खाऊ नये, कुठे फोटो काढू नये, स्थानिक एजंटचा नंबर काय. त्या नंबरचा फोटो फोनमध्ये ठेवाच, पण कागदावरही लिहून खिशात ठेवा. फोन संपतो, कागद संपत नाही.

इतके दिवस नुसतं पाणी बघून कंटाळा नाही येत?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

घानाला आम्ही तेमा बंदरात उतरलो आणि तिथून बसने केप कोस्ट आणि एल्मिनाचे किल्ले बघायला गेलो. एल्मिना पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये बांधला, पुढे डचांनी घेतला. या किल्ल्यांमधून लाखो आफ्रिकी माणसं गुलाम म्हणून जहाजांत कोंबून अटलांटिकपार नेली गेली. केप कोस्टला पुरुषांच्या तळघरात उतरलात की आधी काही दिसत नाही. डोळे सरावले की दगडी जमीन, भिंतीत वर उंचावर एक झरोका आणि पाणी वाहून जायला कोरलेली पन्हळ दिसते. मग मार्गदर्शक सांगतात की या तळघराच्या बरोबर वर प्रार्थनाघर होतं. आमच्यात काही आफ्रिकी-अमेरिकी मुली होत्या. त्यातली एक भिंतीला हात लावून बराच वेळ उभी राहिली. कोणी तिला बोलवायला गेलं नाही.

ही नेहमीची सहल असती तर दुसऱ्या दिवशी विमानात बसून पुढचं शहर गाठलं असतं. आमच्यापुढे मात्र केपटाउनपर्यंतचा समुद्र होता. जवळजवळ आठवडाभर त्याच पाण्यावर, ज्यावरून ती जहाजं गेली होती. त्या आठवड्यात तासाला, जेवताना, रात्री डेकवर दुसरं बोलणं नव्हतं. आधी नुसतं रडणं, मग राग, मग ‘आपल्याला इथे यायचा हक्क आहे का’ यावरची भांडणं, आणि त्यानंतर कुठे शांतपणे वाचन सुरू झालं. साखर कोणी खाल्ली, विमा कोणी उतरवला, पैसा कुठे गेला, हे आम्ही ग्रंथालयातल्या पुस्तकांत शोधत बसलो.

मग केपटाउन, आणि तिथून मॉरिशस. पोर्ट लुईच्या बंदरातच आप्रवासी घाट आहे, २००६ पासून जागतिक वारसा. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने बंद झाली तेव्हा उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, आणि १८३४ पासून करारावर भारतीय माणसं आणायला सुरुवात झाली. १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं त्या घाटावर उतरली. कलकत्ता आणि मद्रासबरोबरच मुंबईहूनही जहाजं जायची आणि त्यांत कोकणातली माणसं होती. आज मॉरिशसमध्ये त्यांचे वंशज मराठी समाज म्हणून ओळखले जातात, शाळेत मराठी शिकता येतं आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते.

बाजारात भाजी विकणाऱ्या एका आजींना मी महाराष्ट्रातली आहे हे कळलं. त्यांना मराठी बोलता येत नव्हतं, त्या क्रिओलमध्ये बोलत होत्या. पण ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ त्यांनी पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवली. एल्मिना आणि आप्रवासी घाट एकाच साखळीच्या दोन कड्या आहेत, हे मला तिथे भाजीच्या टोपल्यांपाशी उभं असताना उमगलं. मधला समुद्र नसता तर ते उमगलं नसतं, कारण विचार करायला वेळच मिळाला नसता. म्हणून सांगते, पाण्यावरचे दिवस हा रिकामा वेळ नाही.

बोट लागते का?

बहुतेकांना पहिले दोन-तीन दिवस लागतेच. घाटातली एसटी सहन होते म्हणून बोटही सहन होईल असं नाही. बिस्केचा उपसागर आणि केप ऑफ गुड होपच्या भोवतालचा समुद्र खवळलेला असतो, त्या वेळी जुनी मुरलेली मंडळीही आडवी होतात.

जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या डेकवर हेलकावे कमी लागतात, म्हणून शक्य असेल तर केबिन तिथे मागा. क्षितिजाकडे बघत उघड्या डेकवर बसा. रिकाम्या पोटी राहू नका. कोरडी बिस्किटं, हिरवं सफरचंद, आल्याचा तुकडा याने बरं वाटतं. गोळी घ्यायची तर मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यावी लागते, नंतर उपयोग फार होत नाही. ॲव्होमीनसारख्या गोळ्यांनी झोप येते, तेव्हा कुठली घ्यायची हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ठेवा. आणि हेलकाव्यांत फोनवर वाचू नका. वाचायचं असेल तर लाटा शांत असताना वाचून घ्या.

शाकाहारी असले तर उपाशी राहीन का?

उपाशी राहणार नाही, पण कंटाळाल. पास्ता, बटाटा, सॅलड, सूप, ब्रेड, फळं हे फिरून फिरून येतं. भात असतो, त्याला आपली चव नसते. पीनट बटर आणि ब्रेड यावर जहाजातली निम्मी मुलं जगतात.

मेतकूट, शेंगदाण्याची कोरडी चटणी, कुळथाचं पीठ न्यावं का? कोरडं, सीलबंद असेल तर केबिनमध्ये ठेवता येतं, पण ते घेऊन बंदरात उतरू नका. बऱ्याच देशांत खाद्यपदार्थ आणण्यावर बंदी असते आणि दंड जबर असतो. केबिनमध्ये किटली, इस्त्री, इंडक्शन चालत नाही. समुद्रावर आगीइतकी दुसरी भीती नाही, त्यामुळे या नियमाला सूट मिळत नाही. मेतकूट गरम भातावरच खायचं असतं, तर डबा घेऊन सरळ जेवणघरात जा. माझ्या डब्याभोवती गर्दी व्हायची.

केबिन कशी असते? कपडे, अंघोळ?

दोघांची किंवा तिघांची केबिन, खिडकीवाली महाग, आतली स्वस्त. स्वस्त घ्या. केबिनमध्ये फक्त झोपायचं असतं, बाकी सगळं आयुष्य डेकवर आणि जेवणघरात. आतल्या केबिनमध्ये दिवे घालवले की मिट्ट काळोख होतो, गजर लावूनच झोपा.

गोडं पाणी जहाजावरच समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढून तयार करतात, त्यामुळे जपून वापरा. कपडे पिशवीत भरून धुवायला द्यायचे, त्याचे पैसे वेगळे पडतात. आम्ही बरंचसं बेसिनमध्ये धुवून अंघोळीच्या जागेत दोरीवर टाकायचो. लवकर वाळणारे कपडे न्या, जीन्स एकच पुरे.

केबिनची साफसफाई करणारे खलाशी महिनोन्महिने घरापासून लांब असतात. त्यांची नावं पहिल्याच दिवशी विचारा. गोव्यातल्या कित्येक घरांत कोणी ना कोणी तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, असतो, त्यामुळे आपल्या मुलांना हे वेगळं सांगायला लागू नये.

घरी फोन करता येतो का?

इंटरनेट उपग्रहावरून येतं, मर्यादित असतं आणि वेग कधी असतो, कधी नसतो. रोज व्हिडिओ कॉल होईल असं घरच्यांना सांगून ठेवू नका. आमच्या घरी ठरलं होतं की बंदरात पोचल्यावर फोन आणि समुद्रावरून जमेल तसा ईमेल. आईवडिलांना माझी एकच विनंती आहे: चार दिवस निरोप आला नाही तर घाबरून जाऊ नका. काही विपरीत घडलं तर संस्था स्वतःहून कळवते.

विषुववृत्त ओलांडताना काय करतात?

‘नेपच्यून डे’ असतो. पहाटे ढोल-झांजा वाजवत कर्मचारी जहाजभर फिरून सगळ्यांना उठवतात. अंगावर हिरवंगार, थंडगार पाणी ओततात, मेलेल्या माशाचा मुका घ्यायला लावतात आणि मग समुद्रदेवाचा दाखला मिळतो. पुष्कळ जण डोक्याचा चकोट करतात, त्यात मुलीही असतात. ही खलाशांची शेकडो वर्षांची रीत आहे. समुद्रात शिरण्याआधी त्याला नमस्कार करायचा ही भावना आपल्याला परकी नाही, आपले कोळी बांधव नारळी पौर्णिमेला तेच करतात. सक्ती कशाचीच नसते. केस नाही कापले तरी चालतं.

जहाज सुटायच्या आत परत नाही पोचलो तर?

जहाज थांबत नाही. सुटायच्या बऱ्याच आधीची वेळ ‘ऑन-शिप टाइम’ म्हणून ठरलेली असते आणि गँगवेवर, म्हणजे जहाजात चढायच्या जिन्यावर, कार्ड दाखवलं की तुमची वेळ नोंदली जाते. ती चुकली तर पुढच्या बंदरात काही तास जहाजावरच अडकवून ठेवतात. जास्त उशीर, जास्त तास. आणि जहाज निघूनच गेलं तर स्वतःच्या खर्चाने विमानाने पुढचं बंदर गाठायचं, तेही त्या देशाचा व्हिसा हातात असेल तर. भारतीय पासपोर्टवाल्यांनी म्हणून शेवटच्या दिवशी लांब जाऊच नये.

सुरक्षित आहे का?

निघतानाच आपत्कालीन कवायत होते. सात छोटे आणि एक लांब भोंगा ऐकू आला की लाइफजॅकेट घालून आपल्या ठरलेल्या जागी जायचं. ही कवायत जगभरच्या प्रवासी जहाजांवर सक्तीची आहे. ती गांभीर्याने करा.

समुद्राची जोखीम मुळीच नाही असं मी म्हणणार नाही. जानेवारी २००५ मध्ये त्या वेळचं जहाज ‘एक्सप्लोरर’ उत्तर पॅसिफिकमध्ये वादळात सापडलं, एका प्रचंड लाटेने ब्रिजच्या, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या खोलीच्या, काचा फुटल्या आणि चारपैकी तीन इंजिनं बंद पडली. जहाज होनोलुलूला नेण्यात आलं. २०२० मध्ये करोनामुळे मार्ग बदलून सफर मुदतीआधीच संपवावी लागली. मार्ग राजकारणाने, वादळाने, साथीने बदलू शकतो, हे मनात धरूनच अर्ज करा. अमुक एका देशासाठी म्हणून जाऊ नका.

जहाजावर डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशक असतात. मन खचलं तर समुपदेशकाकडे जायला संकोच करू नका. घराची ओढ साधारण सफरीच्या मध्यावर सगळ्यात जास्त लागते, सुरुवातीला नव्हे.

मुलीला एकटीला पाठवावं का?

हो. जहाजावर ती एकटी नसतेच. तिथे प्रत्येकाला सगळे चेहऱ्याने ओळखतात, आणि इच्छा असेल तर एखाद्या प्राध्यापकाच्या कुटुंबाशी जोडून देतात, ते ‘जहाजावरचं घर’ होतं. बंदरात चौघींनी मिळून फिरायचं, रात्री अनोळखी ठिकाणी थांबायचं नाही आणि दारूपासून सावध राहायचं. मी पाहिलेले बहुतेक वाईट प्रसंग दारूने ओढवलेले होते, आणि त्यात मुलगे पुढे होते. बाहेरून दारू जहाजावर आणता येत नाही, गँगवेवर सामान तपासतात.

भारतीय पासपोर्टवर व्हिसाचं काय?

इथे खरी मेहनत आहे. अमेरिकी मित्रांना दोन-तीन व्हिसे लागतात, आपल्याला जवळपास प्रत्येक देशाचा लागतो. मॉरिशस हा सुखद अपवाद. पासपोर्ट सफर संपल्यानंतरही किमान सहा महिने वैध हवा आणि त्यात कोरी पानं भरपूर हवीत.

सगळ्यात मोठी गोम तारखांची. काही व्हिसांची मुदत दिलेल्या दिवसापासून मोजली जाते. जपानचा एकदाच प्रवेशाचा व्हिसा साधारण तीन महिने वैध असतो. जपान सफरीच्या शेवटी असेल आणि तुम्ही उत्साहाने फार आधी व्हिसा काढून बसलात, तर तिथे पोचेपर्यंत तो संपलेला असतो. म्हणून शेवटच्या बंदरापासून उलटं मोजत या, प्रत्येक देशाची तारीख एका वहीत मांडा आणि मग अर्ज करा. अमेरिकेत एफ-१ व्हिसावर शिकत असाल तर तुमच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आधी भेटा, परत प्रवेश करायची कागदपत्रं त्यांच्याकडूनच नीट करून घ्या.

लस घ्यावी लागते का?

मार्गावर घानासारखा देश असेल तर पीतज्वराची लस आणि तिचं पिवळं कार्ड लागतं. भारतात ही लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नाही, आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. एकदा घेतली की जन्मभर चालते. पीतज्वराच्या देशातून भारतात येताना आपलं सरकारही हे कार्ड मागतं, भारतीयांनाही. कार्ड नसेल तर विलगीकरणात ठेवतात. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा.

जहाज भारतात आलं की आपल्या मुलांचं काय होतं?

आधीचे दोन आठवडे सगळं जहाज तुम्हाला भारताबद्दल विचारत असतं. जात, लग्नं, गाय, क्रिकेट, गरिबी, काहीही. उत्तर माहीत असेल तेवढंच द्या. एका माणसाने एकशे चाळीस कोटींच्या वतीने बोलायचं नसतं. मी केरळबद्दल महाराष्ट्रातल्या कुठल्याही मुलीइतकीच जाणत होते, म्हणून त्या दिवसांत केरळवरचं वाचन मीही बाकीच्यांबरोबर बसून केलं.

कोचीला पहाटे जहाज आत शिरतं तेव्हा सगळे डेकवर असतात. डाव्या हाताला वायपिन बेट, उजव्या हाताला फोर्ट कोचीची मासेमारीची चिनी जाळी, त्यांचे वाकलेले वासे, आणि हवेत ओल्या मातीचा आणि माशांचा वास. बाकी मंडळी व्हिसाच्या रांगेत, आणि तुम्ही मात्र निळा पासपोर्ट दाखवून उतरता. मट्टनचेरीला १५६८ चं ज्यूंचं प्रार्थनास्थळ सगळे बघतात, तुम्ही त्याच्याबरोबर जवळची गौड सारस्वतांची वस्तीही बघा. गोव्यातून शतकांपूर्वी आलेली ही कुटुंबं अजून घरात कोंकणी बोलतात. सोबतच्या अमेरिकी मुलांना तिथे घेऊन जा. भारतातल्या भारतातही माणसं समुद्राच्या कडेकडेने स्थलांतर करत आली, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

घरच्यांना कोचीला बोलवायचं का? भेटायला जरूर या, पण मुलाला सगळे दिवस हॉटेलवर बांधून ठेवू नका. त्याची तिथेही फील्ड क्लास असू शकते.

खर्च किती?

भरपूर. शिकवणी, राहणं, जेवण धरून आकडा तीस हजार अमेरिकी डॉलरच्या घरात किंवा वर जातो. त्यावर व्हिसे, विमान, लसी, बंदरातला खर्च. संस्थेच्या शिष्यवृत्त्या आहेत, जहाजावर काम करून फी कमी करायची सोयही आहे. दोन्हींसाठी अर्ज लवकर करावा लागतो. कर्ज काढून, घर गहाण ठेवून जावं असं मी कधीच सांगणार नाही. परवडत नसेल तर जपान सरकारचा ‘शिप फॉर वर्ल्ड यूथ’ हा कार्यक्रम बघा. तो सेमिस्टर नाही आणि छोटा आहे, पण त्यात वेगवेगळ्या देशांची तरुण मुलं जहाजावर एकत्र राहतात आणि भारतातूनही मुलं गेली आहेत.

क्रेडिट आपल्या विद्यापीठात धरतात का?

गुणपत्रक कोलोराडो स्टेट युनिव्हर्सिटीचं मिळतं. अमेरिकेतली बहुतेक विद्यापीठं ते धरतात. भारतातल्या विद्यापीठात शिकत असाल तर पैसे भरण्याआधी विभागप्रमुखांकडून लेखी घ्या: कुठल्या विषयाच्या बदल्यात कुठला विषय, किती क्रेडिट. ‘बघू, होऊन जाईल’ या तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

सामानात काय हवं?

चांगल्या पकडीच्या चपला, कारण ओला डेक घसरतो. भिंतीला चिकटणारी चुंबकं, कारण केबिनच्या भिंती लोखंडी असतात आणि वेळापत्रक लावायला टेप चालत नाही. औषधांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधांच्या मूळ पाकिटांसह. पासपोर्टच्या चार प्रती. वारा लागला तर घालायला एक जाड स्वेटर, कारण केपच्या खाली आणि उत्तर पॅसिफिकमध्ये थंडी बोचते. एखादा सणाचा पोशाख, कारण शेवटी एक मोठी मेजवानी असते आणि तिथे साडी किंवा झब्बा उठून दिसतो. आणि जाड वह्या, दोन-तीन. लॅपटॉप डुलताना नकोसा होतो, वही मांडीवर घेऊन डेकवर बसता येतं.